ला ब्रिया टार पिट्स : रस्त्याच्या माणसाने पाहिलेलं डांबराचं संग्रहालय

गाडीतून उतरलो आणि आधी वास आला. मे महिन्यात सिन्नरच्या बाजूला रस्त्यावर डांबरी कार्पेटचं काम चालू असताना बॉयलर तापला की जो वास येतो, अगदी तोच. मी सवयीने इकडेतिकडे धूर शोधायला लागलो. धूर नाही, बॉयलर नाही, रोलर नाही. समोर हिरवंगार लॉन, उंच इमारती, विल्शर बुलेव्हार्डवरची धावती वाहनं, आणि लॉनमधून वर येणारं डांबर. जमिनीतून, आपलं आपण.

सार्वजनिक बांधकाम खात्यात मी ३४ वर्षं काढली, बहुतेक सगळी निफाड, सिन्नर, येवला या भागातल्या रस्त्यांवर. निवृत्तीनंतर लेकीकडे लॉस एंजेलिसला आलो की दर वेळी दोन-तीन महिने मुक्काम असतो. तिथे जे पाहिलं त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे ठिकाण : डांबरात अडकून मेलेल्या हिमयुगातल्या प्राण्यांच्या हाडांचं संग्रहालय. मुलांकडे अमेरिकेत जाणारे आपल्याकडचे आईबाबा डिस्नेलँड आणि हॉलिवूडची पाटी पाहून परततात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी नाव. स्पॅनिशमध्ये 'ला ब्रिया' म्हणजेच डांबर, आणि इंग्रजीत टार म्हणजेही डांबरच. आपला पिवळा पीतांबर, त्यातलाच प्रकार. शिवाय रस्त्याच्या कामातला माणूस म्हणून सांगतो, हे टार नव्हे. टार म्हणजे कोळशापासून निघतं ते, आपण ज्याला कोलटार म्हणायचो. इथलं आहे ते नैसर्गिक बिटुमेन. खाली खोलवर खनिज तेलाचा साठा आहे, ते तेल खडकातल्या भेगांतून वर झिरपतं, त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड, काळा, चिकट भाग मागे राहतो. रिफायनरीत आपण जे भट्टीवर करतो, ते इथे ऊन आणि वारा हजारो वर्षं करत आलेत. मराठीत दोन्हीला डांबरच म्हणतात, म्हणून मीही पुढे डांबरच म्हणतो.

मी इथे दोनदा गेलो, आणि दोन्ही खेपांत इतका फरक पडला की तो सांगायलाच हवा. पहिल्यांदा आम्ही दोघं शहरदर्शनाच्या एका बसने गेलो होतो. बसवाल्याने २५ मिनिटं दिली. उतरा, तळं बघा, हत्तींच्या पुतळ्यांबरोबर फोटो काढा, चला. संग्रहालयात पाऊलही पडलं नाही. मी हळहळत परत आलो आणि पुढच्या आठवड्यात लेकीला आणि सात वर्षांच्या नातीला घेऊन पुन्हा गेलो, सकाळी दार उघडायच्या वेळेला. दुपारी साडेतीनला बाहेर पडलो, तेही नातीचे पाय दुखायला लागले म्हणून.

त्या २५ मिनिटांत माणूस काय समजून जातो ते आधी सांगतो. रस्त्याला लागूनच मोठं तळं आहे. पाण्यावर तेलाची साय, आणि मधूनमधून मोठाले बुडबुडे येऊन फुटतात. तो मिथेन वायू. तळ्याच्या काठाशी मॅमथचे, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदांचे पुतळे : एक मादी पाण्यात रुतलेली, सोंड वर करून ओरडणारी, आणि काठावर तिचं पिल्लू. बघून पोटात कालवतं. नातीने माझा हात घट्ट धरला. पण त्या देखाव्यावरून वाटतं की इथे खोल काळे डोह होते आणि जनावरं त्यांत बुडून मेली. तसं नाही. हे तळं म्हणजे एकोणिसाव्या शतकात डांबर काढण्यासाठी खणलेली खाण. ती नंतर पाण्याने भरली. खुद्द संग्रहालयातच हे सांगितलं जातं. जनावरं अडकली ती उथळ थरांत. चार बोटं डांबर, त्यावर पाचोळा आणि धूळ, म्हणजे वरून बघणाऱ्याला साधी जमीनच. उन्हाळ्यात ते मऊ होतं तेव्हा सापळा. थंडीत घट्ट झालं की त्यावरून चालत जावं.

चार बोटांनी हत्ती कसा अडकेल, असं लेकीने विचारलं. मला ते समजावून सांगावं लागलं नाही, मी एक गोष्ट सांगितली. बरीच वर्षं झाली. आमच्या एका स्टोअर यार्डात डांबराची पिंपं आडवी पडली होती, त्यातलं एक फुटून उन्हाने डांबर जमिनीवर पसरलं. जाडी इंचभर. सकाळी कुत्रीचं एक पिल्लू त्यात अडकलं. पाय सोडवायला ते आडवं झालं, तर कूस चिकटली, मग कान चिकटला. कुत्री धावत आली, तिचे पुढचे दोन पाय गेले. अर्ध्या तासात वर कावळे जमले आणि कुंपणाशी आणखी दोन कुत्री येऊन घुटमळायला लागली. आमच्या मैलकुल्याने, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुराने, गोडेतेलाचा डबा आणला आणि एकेक पाय चोळून चोळून दोघांना सोडवलं. दोन तास लागले. तेव्हा मैलकुली नसता तर त्या इंचभर डांबरात संध्याकाळपर्यंत किती जीव जमा झाले असते, हा हिशोब तेव्हाही माझ्या मनात आला होता. ला ब्रियाला तो हिशोब प्रत्यक्ष मांडून ठेवलाय.

आत गेल्यावर एका ठिकाणी डांबरात उभ्या दांड्या रोवून ठेवल्या आहेत. हँडल धरून ओढायचं आणि डांबर किती जोर धरतं ते हाताने अनुभवायचं. मुलांची तिथे रांग असते. मी पण रांगेत उभा राहिलो. ओढलं. दांडी आधी हललीच नाही, मग केसभर वर आली, आणि हात सैल पडताच परत आपल्या जागी. आम्ही प्रयोगशाळेत बिटुमेनची पेनिट्रेशन टेस्ट करायचो : २५ अंश तापमान, १०० ग्रॅम वजनाची सुई, ५ सेकंदांत ती किती शिरते ते बघायचं. शिरायला किती सोपं याचा आकडा मी हजार वेळा लिहिलाय. बाहेर यायला किती अवघड, हे मोजायची आमच्याकडे कधी वेळच आली नाही. नातीने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, घोड्याला तर हातच नसतात." सगळ्या संग्रहालयातलं सगळ्यात साधं यंत्र, पण त्याच्याशिवाय बाकीचं कळत नाही. आधी तिथे जा.

मग ती भिंत. नारिंगी-सोनेरी उजेडात एका भिंतीवर ४०४ कवट्या मांडल्या आहेत, सगळ्या डायर वुल्फच्या, म्हणजे आता नामशेष झालेल्या, लांडग्यासारख्या दणकट प्राण्याच्या. ओळीने, एकेका खणात एक. इथून निघालेल्या डायर वुल्फची संख्या ४,००० च्या वर जाते, आणि स्माइलोडॉन या लांब सुळ्यांच्या मांजरवंशी प्राण्याची २,००० च्या वर. सगळे मिळून ३५ लाखांहून अधिक जीवाश्म, ६०० हून जास्त जातींचे. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ बाकावर बसलो. लांबून सगळ्या सारख्या दिसतात. जवळ गेलं की एकीचे दात झिजून सपाट झालेले, एकीचे तीक्ष्ण, एकीच्या डोक्यावरचा हाडाचा कंगोरा उंच, एकीचा बसका. कळपातली म्हातारी आणि तरणी ओळखू येतात.

तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ती ठेवली नाही तर सगळं चुकीचं वाचलं जातं. इथल्या सस्तन प्राण्यांच्या हाडांत जवळजवळ ९० टक्के हाडं मांसाहारी प्राण्यांची आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही जंगलात बघा, शंभर चितळांमागे वाघ किती असतात? मग इथे उलटं का? तर माझ्या यार्डातलं पिल्लू. एक बायसन, म्हणजे तिकडचा गव्यासारखा रानबैल, अडकतो, ओरडतो, त्याच्या मागे लांडग्यांची टोळी येते, सुळेवाली मांजरं येतात, वरून गिधाडं उतरतात, आणि त्यांतली काही तिथेच राहतात. म्हणजे ही जंगलातली शिरगणती नाही, सापळ्यात सापडलेल्यांची आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यातून काढलेला नमुना घेऊन अख्ख्या रस्त्याचा अहवाल लिहिणाऱ्या ज्युनियरला आम्ही परत पाठवायचो. नमुना कुठून घेतलाय ते आधी लिही, मग पुढचं. इथल्या लोकांनी ते आधी लिहिलंय, म्हणून त्यांच्या पुढच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसला.

आणि हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. डांबराचे हे पाझर निदान ५०,००० वर्षं चालू आहेत. अधूनमधून, काही वर्षांनी एखादा मोठा प्रसंग घडला तरी एवढी हाडं जमायला तेवढा काळ पुरून उरतो.

आता जिथे मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो भाग, दातांचा. मॅमथ आणि मॅस्टोडॉन, दोघंही हत्तीसारखे, दोघंही इथे सापडलेले. बहुतेक लोक दोघांचे सांगाडे बघून "केवढा मोठा!" म्हणतात आणि पुढे जातात. तुम्ही तोंडात बघा. मॅमथची दाढ म्हणजे टाकी लावलेलं जातं. माझ्या आईच्या जात्याला वर्षातून एकदा टाकीवाली येऊन टाकी लावून जायची, तशाच आडव्या उभारलेल्या रेघा, एकीला लागून एक, पत्र्यासारख्या. हे जातं गवत दळायला. गवतात वाळूसारखे कठीण कण असतात, धूळ असते, दाढ झिजते, म्हणून ती उंच आणि पात्यापात्यांची. मॅस्टोडॉनच्या दाढेवर मात्र जाडजूड उंचवटे, उखळात मुसळ बसावं तसे वरचे खालच्यात बसणारे. हे पाला आणि डहाळ्या चिरडायला. दोन दाढा शेजारी ठेवल्या की त्यांच्यामागे दोन निरनिराळ्या जागा उभ्या राहतात. एकीकडे मोकळं गवत, दुसरीकडे झाडोरा. आणि दोन्ही प्राणी एकाच पाझरापाशी अडकलेले, म्हणजे आज जिथे विल्शर बुलेव्हार्डवर सिग्नलला गाड्या थांबतात तिथे गवत आणि झाडं दोन्ही होतं, चालत जाण्याच्या अंतरावर.

मग मला तोच नाद लागला. घोडे आणि बायसन, उंच दाढांचे, म्हणजे गवत. उंट, हो, उंट मूळचे उत्तर अमेरिकेतलेच, आणि इथे त्यांची मोठी हाडं आहेत. घोडाही तिथलाच, तिथेच नामशेष झाला आणि हजारो वर्षांनी स्पॅनिश लोकांच्या जहाजातून परत गेला. जमिनीवर राहणारे स्लॉथ, म्हणजे आज झाडांना लटकणाऱ्या त्या संथ प्राण्यांचे भाऊबंद, बैलाएवढे, त्यांच्या कातडीत वाटाण्यासारखे हाडांचे खडे असायचे, चिलखतासारखे, ते खडेसुद्धा डांबरात मिळालेत. स्माइलोडॉनबद्दलही गंमत वाटली. एवढं मोठं जनावर, तर ते मैदानात घोडे, बायसन मारत असेल असं वाटतं. दातांच्या घटकांची तपासणी झाली तेव्हा कळलं की त्याचं खाणं बरंचसं झाडीतल्या, पाला खाणाऱ्या प्राण्यांवर होतं. दबा धरायला झाडी लागते. डायर वुल्फ वेगळ्या पद्धतीने जगायचा, पाठलाग करून. स्माइलोडॉनचंच एक खुब्याचं हाड इथे निघालं, जन्मापासून सदोष. तो स्माइलोडॉन कधी नीट धावू शकला नसणार, तरी पूर्ण वाढून प्रौढ झाला. २०२१ साली त्यावर संशोधन आलं. कुणीतरी त्याला शिकारीत वाटा देत असणार. हे ऐकून हिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, असं मला वाटलं, पण ही त्या दिवशी गुडघ्यांमुळे घरी होती. रात्री सांगितलं, आणि आलंच.

गाइड बाईंनी बायसनच्या वासरांबद्दल सांगितलं तेही इथे लिहितो. जबड्यातल्या दातांवरून वासराचं वय कळतं, आपल्याकडे बैलबाजारात दात बघून वय सांगतात तसंच. इथल्या जबड्यांत काही महिन्यांची वासरं आहेत, मग एकदम त्यांच्याहून वर्षभराने मोठी, मग आणखी वर्षभराने. मधल्या वयाची जवळजवळ नाहीत. म्हणजे कळप वर्षभर इथे नव्हता, ठरावीक ऋतूत, वसंत सरताना, यायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढपाळ नगर-पारनेरकडून वाडा घेऊन कोकणाकडे उतरतात, वाट ठरलेली, महिना ठरलेला. तसा हा बायसनचा वाडा. ४०,००० वर्षांपूर्वीच्या गवताची वेळ वासरांच्या दातांत लिहून राहिली.

संग्रहालयाच्या मधोमध काचेची प्रयोगशाळा आहे. आत लोक बसून काम करतात, बाहेर आपण उभं राहून बघायचं. एक म्हातारी बाई, स्वयंसेविका असावी, भिंगाखाली बारीक कुंचल्याने एका डबीतलं डांबरी मिश्रण निवडत होती. आपण तांदूळ निवडतो त्या लयीत. वाळूचे कण एकीकडे, काळे ठिपके दुसरीकडे. त्या ठिपक्यांत उंदराचा दात, सरड्याचा जबडा, बीटलचा पंख, गवताचं बी. नात काचेला नाक लावून उभी राहिली, बाईंनी चिमट्यात एक कण धरून तिला दाखवला. पक्ष्याच्या पायाचं हाड होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

१९१३ ते १९१५ या दोन वर्षांत इथे जोरात खणलं गेलं, तेव्हा मोठी हाडं उचलली आणि बारीक माल टाकून दिला. हाडं रॉकेलमध्ये घालून साफ करायचे. आम्ही झाऱ्या आणि फावडी तशीच धुवायचो, त्यामुळे तो वास मला डोळे मिटून येतो. १९६९ साली ९१ नंबरचा खड्डा पुन्हा उघडला तो बारीक मालासाठी, प्रत्येक हाडाची जागा मोजून, चौकोन आखून. पुढे २००६ साली शेजारच्या कलासंग्रहालयाचं भूमिगत पार्किंग खोदताना नवे साठे लागले, आणि ते जागच्या जागी लाकडी पेट्यांत बांधून उचलले. २३ पेट्या. त्या अजून बाहेर लॉनवर आहेत, काम चालू आहे, जाळीतून बघता येतं. त्याच खोदकामात एका मॅमथचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, त्याला झेड म्हणतात. बांधकामवाल्यांनी काम थांबवून हाडं काढू दिली हे मला फार आवडलं. आम्हाला रस्ता रुंद करताना जुनी वीरगळ किंवा पायऱ्या लागल्या तर काय करावं हे कुणी कधी शिकवलं नव्हतं.

आता मधमाशी. मला विचाराल तर इथला राजा स्माइलोडॉन नव्हे, ही माशी. ९१ नंबरच्या खड्ड्यातून १९७० साली एक छोटं पानांचं गुंडाळलेलं घरटं निघालं होतं. कितीतरी वर्षांनी त्याचं सूक्ष्म सीटी स्कॅन केलं, आणि २०१४ साली सांगितलं की आत पान कातरणाऱ्या मधमाशीचे कोष आहेत, अजून बाहेर न पडलेले. वय २३,००० ते ४०,००० वर्षांच्या दरम्यान. ही माशी पानांचे गोल तुकडे कातरून, विडा करावा तसं घरटं करते. तीच जात आजही जगतेय, त्यामुळे तिला काय हवं नको ते माहीत आहे. तिला जवळपास ओलावा लागतो, विशिष्ट प्रकारची झाडं लागतात, फुलं लागतात. म्हणजे ज्या काळाला आपण हिमयुग म्हणून बर्फाने झाकून टाकतो, त्या काळात या जागी ओहोळ होता, पानं होती, फुलं होती. बर्फ इथवर कधी आलाच नव्हता. हत्ती कितीही लांब चालत जातो, त्याच्या हाडावरून एवढं नेमकं सांगता येत नाही. माशी मात्र आपल्या घरट्यापासून लांब जात नाही. लहान जीव जागेला बांधलेले असतात. उंदीर, गोगलगाय, बी, कोष, हे खरे साक्षीदार. म्हणून सांगतो, मोठे सांगाडे अर्ध्या तासात बघा आणि उरलेला वेळ बारीक कपाटांना द्या. लोक नेमकं उलटं करतात.

हाडांच्या रंगाबद्दल दोन शब्द. ती काळी नाहीत, गडद तपकिरी आहेत, जुन्या शिसवी पलंगाच्या पायासारखी, आणि तशीच चकचकीत. दगड झालेली नाहीत. खरं हाडच आहे, त्यात डांबर मुरलंय. पाणी आणि हवा आत शिरली नाही, म्हणून टिकलं. रस्त्यावर आपण डांबर घालतो ते दुसरं कशासाठी? पाणी आत जाऊ नये म्हणूनच. तिथले मूळ रहिवासी, टोंग्वा आणि चुमाश, याच डांबराने आपल्या होड्यांच्या फटी बुजवत, टोपल्यांना लेप देत.

शेवटच्या भागात हे सगळे प्राणी गेले कसे, त्याचा विषय आहे. तो जड आहे, पण टाळू नका. २०२३ साली आलेल्या अभ्यासात इथल्या आठ जातींच्या १७२ प्राण्यांच्या हाडांचं रेडिओकार्बन पद्धतीने वय काढलं. उंट आणि स्लॉथ आधी गेले. १२,९०० वर्षांपूर्वीपर्यंत आठांतल्या सात जाती इथून संपल्या होत्या. त्याआधीच्या काळात हवा तापत गेली, कोरडी होत गेली, आणि लेक एल्सिनोर या तळ्याच्या गाळात त्या वेळी कोळशाचे कण एकदम वाढलेले दिसतात. वणवे. माणूस त्याच काळात त्या भागात वाढत होता. गवत खाणारी जनावरं कमी झाली, त्यात कोरडी झाडी पेटायला लागली, पेटवणारा हात आला, आणि झाडीचं रूपच पालटलं. कारण एक नाही, एकात एक गुंतलेली आहेत. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माणसाला ते वाचताना कसं वाटतं ते मी लेकीच्या चेहऱ्यावर पाहिलं. तिच्या घरात कागदपत्रांची पिशवी वणव्याच्या दिवसांत दाराशीच टांगलेली असते.

आठवी जात उरली ती कोयोटी. आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. त्या काळचा कोयोटी आजच्यापेक्षा थोराड होता. मोठी शिकार गेली, बरोबरीचे मोठे लांडगे गेले, आणि हजारेक वर्षांत तो अंगाने लहान झाला, जे मिळेल ते खायला शिकला. आजही तो लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर आहे, कधी रात्री लेकीच्या गल्लीतही येतो.

बाहेर पडताना मला नांदूर मधमेश्वरची आठवण येत राहिली. माझ्या पहिल्या पोस्टिंगपासून बंधारा जवळच होता. हिवाळ्यात पक्षी बघायला गर्दी होते. पण त्याच गोदावरीच्या गाळात गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका प्राचीन हत्तीची भली मोठी कवटी सापडली होती, आजच्या हत्तीपेक्षा कितीतरी मोठ्या जातीची. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो, पुलाच्या पायाचे खड्डे घेतले, पिवळ्या मातीच्या आणि वाळू-गोट्यांच्या थरांची खोली वहीत लिहिली. त्या थरांत हाडं असू शकतात हे मला माहीत असतं तर मी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. आपल्या अभियांत्रिकीच्या पोरांना एक दिवस तरी असं काही दाखवायला हवं, मग ते पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात का असेना.

जाणाऱ्यांसाठी कामाचं. बाहेरचं उद्यान, तळं आणि खड्डे फुकट बघता येतात, संग्रहालयाला तिकीट आहे. ते काढाच. बसच्या टूरमधून जाऊ नका. आधी संग्रहालय, मग बाहेरचे खड्डे, आणि तळं सगळ्यात शेवटी. म्हणजे तो पुतळ्यांचा देखावा बघताना त्यात काय खरं आणि काय नाही ते कळतं. ज्येष्ठांना सोपं आहे, सगळं एका मजल्यावर, बसायला बाक, मधोमध झाडांचा चौक. इमारतीभोवती गवताचा उतार आहे, मुलं त्यावरून लोळत खाली येतात, त्यांना येऊ द्या. डबा घरून नेलात तर लॉनवर बसून खाता येतो. आम्ही मेथीचे ठेपले आणि लोणचं नेलं होतं. दुपारी, उन्हाच्या वेळी बुडबुडे जास्त दिसतात असं मला वाटलं.

एक काळजी घ्या. लॉनवर जिथे नवा पाझर फुटतो तिथे शंकू ठेवून कुंपण घालतात, पण रुपयाएवढे ठिपके गवतात कुठेही असू शकतात. नातीचा बूट अशाच एका ठिपक्यावर पडला. तिने पाय उचलला तर धागा लांबत आला, काळा, चमकदार, तुटेचना. ती घाबरली नाही, हरखली. म्हणाली, "मी बायसन!" घरी येऊन मी तळव्यावर खोबरेल तेल चोळलं, दहा मिनिटं ठेवलं, जुन्या फडक्याने पुसलं, पुन्हा चोळलं. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नका, रबर खराब होतं. नात शेजारी बसून बघत होती. निघालेल्या डांबरात गवताची एक काडी आणि एक पूर्ण मुंगी होती. तिने ती काडेपेटीत ठेवली, वर तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही परसात लेकीच्या गुलाबाला पाणी घालत होती. मला हाक मारली, की पानांना कीड लागलीय, काहीतरी औषध आणायला हवं. जाऊन पाहिलं. पाच-सहा पानांच्या कडांना शर्टाच्या बटणाएवढे गोल काप, कात्रीने कातरल्यासारखे स्वच्छ. नाशिकला आमच्या गच्चीवरच्या गुलाबालाही असे काप दिसायचे, आणि मी दर वेळी फवारणी करायचो. हिला म्हटलं, थांब, औषध नको. नातीला उठवलं. आम्ही तिघं चहा घेऊन पायरीवर बसलो. पावणेनऊच्या सुमारास ती आली, करडी, साधी, आपल्या घरमाशीहून थोडी जाड. पानाच्या कडेवर बसली, स्वतःभोवती फिरत काप पूर्ण केला, आणि तो हिरवा तुकडा पोटाखाली धरून कुंपणापलीकडे गेली. हिने पाण्याचा झारा खाली ठेवला आणि विचारलं, "परत येते का गं ती?"